पोस्टाच्या पाटीवरचा कॉर्पोरल: जेसन डनहम (१९८१–२००४)

जेनेसीकाठी

न्यूयॉर्क म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे मॅनहॅटन येतं. मी राहतो त्या न्यूयॉर्कात गायी जास्त आणि माणसं कमी. ॲलेगनी काउंटी, राज्याचा नैर्ऋत्येकडचा भाग, खाली लगेच पेनसिल्व्हेनियाची हद्द. जेनेसी नदी इथून उत्तरेला वाहत जाऊन रॉचेस्टरपाशी ओन्टारिओ सरोवराला मिळते. तिच्याच काठी सायो नावाचं गाव आहे, वस्ती दोन हजारांच्या आत. जवळच्या आल्फ्रेड विद्यापीठात सिरॅमिक्स शिकायला आपली मुलं येतात, पण सायोत सहसा कुणी उतरत नाही. मी उतरलो ते एक पार्सल टाकायला. पोस्टावर पाटी होती: कॉर्पोरल जेसन एल. डनहम पोस्ट ऑफिस. नाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं, घरी येऊन शोधलं आणि मग रात्रभर वाचतच बसलो.

येत्या सोमवारी मेमोरियल डे, म्हणजे युद्धात गेलेल्या अमेरिकी सैनिकांच्या स्मरणाचा दिवस. आमच्या ग्रूपवर आठवडाभर बार्बेक्यू कुणाकडे आणि गाद्यांवर किती टक्के सूट एवढंच चाललंय. (मीही सूट बघितली, खोटं कशाला बोलू.) म्हटलं, निदान एका माणसाबद्दल नीट लिहावं.

जेसनचा जन्म १० नोव्हेंबर १९८१ चा. मरीन कोअरची (समुद्रमार्गे चढाई करणाऱ्या अमेरिकी फौजेची) स्थापना १० नोव्हेंबर १७७५ ची, त्यामुळे ही तारीख प्रत्येक मरीनला पाठ असते. त्या दिवशी ते जगात कुठेही असले तरी केक कापतात आणि हजर असलेला सर्वांत ज्येष्ठ मरीन सर्वांत लहान मरीनच्या हातात तुकडा देतो. असा हा जन्मतारखेपासूनच मरीन असलेला पोरगा. सायोच्या शाळेत बेसबॉल, बास्केटबॉल, सॉकर सगळं खेळला. बेसबॉलमध्ये फलंदाजीच्या सरासरीचा शाळेचा विक्रम त्याच्या नावावर होता. शाळा संपल्यावर २००० साली भरती झाला. म्हणजे ११ सप्टेंबरच्या आधी, देश शांत असताना. पहिली काही वर्षं जॉर्जियातल्या किंग्ज बे इथे पाणबुड्यांच्या तळावर पहारा. २००३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या ट्वेंटीनाइन पाम्सला बदली, सातव्या मरीन रेजिमेंटची तिसरी बटालियन, किलो कंपनी. तिथे त्याला स्क्वाड, म्हणजे दहा-बारा जणांची तुकडी, मिळालं, आणि २००४ च्या सुरुवातीला ही बटालियन इराकच्या पार पश्चिम टोकाला, सीरियाच्या सीमेवर जाऊन बसली. गावांची नावं हुसैबा, करबिला, अल-काइम.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्याची नोकरीची मुदत त्या वर्षी जुलैमध्ये संपत होती. बटालियन त्यानंतरही इराकमध्ये राहणार होती. त्याने आपणहून मुदत वाढवून घेतली. स्क्वाडमधली पोरं घरी पोचेपर्यंत मी थांबतो, असं त्याचं साधं म्हणणं. मित्रांनी त्याला वेड्यात काढलं.

दुसरी गोष्ट हेल्मेटची. इराकमध्ये असतानाच एकदा त्याच्या प्लाटूनच्या अधिकाऱ्यांबरोबर गप्पा निघाल्या: हातबॉम्ब पायाशी येऊन पडला तर काय करायचं? जेसनचं मत होतं की वर केव्हलारचं हेल्मेट उपडं घालायचं, स्फोट आतल्या आत दबेल. वरिष्ठांना काही ते पटलं नव्हतं. गप्पा तिथेच राहिल्या.

१४ एप्रिल २००४. महिनाच वाईट होता. मार्चअखेर फलुजात चार अमेरिकी कंत्राटी लोकांना मारून पुलावर लटकवलं होतं, त्यानंतर सगळा अन्बार प्रांत पेटला होता. त्या दिवशी करबिलाजवळ खुद्द बटालियन कमांडरच्या ताफ्यावर हल्ला झाला. जेसनचं स्क्वाड तिथून सुमारे दोन किलोमीटरवर पायी गस्त घालत होतं. आवाज ऐकून त्याने पोरांना गाड्यांत बसवलं, मदतीला निघाला. वाटेत यांच्यावरही गोळीबार झाला, तेव्हा उतरून पायी पुढे. काही गल्ल्या पलीकडे निघून जायच्या बेतात असलेल्या सात गाड्यांची रांग दिसली. हल्ला करून पळणारे त्यांतच असू शकतात, म्हणून एकेक गाडी तपासायला घेतली. एका गाडीतून एक माणूस उडी मारून बाहेर आला आणि त्याने थेट जेसनचा गळा धरला. दोघं जमिनीवर. आणखी दोन मरीन धावत आले. झटापटीत जेसनला त्या माणसाच्या हातात काहीतरी दिसलं, आणि त्याने ओरडून दोघांना सांगितलं की हाताकडे लक्ष ठेवा.

बॉम्ब सुटला. जेसनने डोक्यावरचं हेल्मेट काढून त्यावर घातलं आणि वर स्वतः आडवा झाला.

तिथे बंदूक चालवायलाही फुरसत नव्हती. हेल्मेटच्या चिंध्या झाल्या. नंतर लोकांना रस्त्यावर ते तुकडे सापडले आणि तेव्हा कुठे नेमकं काय घडलं याचा उलगडा झाला, कारण प्रत्यक्ष त्या दोन-तीन सेकंदांत कुणाला काहीच धड कळलं नव्हतं. बाजूचे दोघेही जखमी झाले, पण जगले.

जेसन त्या क्षणी गेला नाही. बगदाद, मग जर्मनीतलं लांडश्टुल, मग वॉशिंग्टनजवळचं बेथेस्डाचं नौदलाचं रुग्णालय. डोक्यात तुकडे घुसले होते. आईवडील सायोहून तिथे पोचले. मरीन कोअरचे त्या वेळचे प्रमुख जनरल हेगी यांनी खाटेपाशी उभं राहून त्याला पर्पल हार्ट (युद्धात जखमी झालेल्यांना मिळणारं पदक) दिलं. २२ एप्रिलला, आईवडिलांच्या संमतीने यंत्रं थांबवली गेली. वय २२. सायोतच, फेअरलॉन दफनभूमीत त्याला ठेवलंय.

पुढे वॉल स्ट्रीट जर्नलच्या एका बातमीदाराने, जो त्याच बटालियनबरोबर इराकमध्ये होता, त्याच्यावर लेख लिहिला आणि मग पुस्तक. १० नोव्हेंबर २००६ रोजी, म्हणजे जेसनच्या पंचविसाव्या वाढदिवशी, क्वांटिकोला मरीन संग्रहालयाच्या उद्घाटनात राष्ट्राध्यक्ष बुश यांनी त्याला मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक जाहीर केलं. ११ जानेवारी २००७ ला व्हाइट हाउसमध्ये घरच्यांनी ते स्वीकारलं. व्हिएतनामनंतर एखाद्या मरीनने केलेल्या कामगिरीसाठी हे पदक दिलं गेलं ते पहिल्यांदाच.

त्या गप्पा आणि ती मुदतवाढ माझ्या डोक्यातून जात नाहीत. आपण अशा वेळी म्हणतो, 'क्षणाचाही विचार न करता' उडी घेतली. मला तर वाटतं त्याचा विचार आधीच करून झाला होता.

इथे कुणी सैन्यात असेल, कुणाच्या घरचं कुणी गेलं असेल, तर जरूर लिहा.

---

ओलीसावली

वाचलं. आता लगेच काही लिहिता येत नाहीये. वाचनखूण साठवली.

---

चहाटपरी

छान लिहिलंय. एक बाळबोध शंका. ते हेल्मेट खरंच बॉम्ब अडवू शकतं का? की सिनेमात दाखवतात तसं?

---

निवृत्त पलटण

चहाटपरी, उत्तर देतो. मी मराठा लाइट इन्फंट्रीत होतो, आता साताऱ्याजवळ शेती बघतो.

हेल्मेट बनतं ते उडून येणारे तुकडे अडवायला. हातबॉम्ब लांब फुटला आणि त्याचे कण आले तर हेल्मेट कामाचं. बॉम्ब हेल्मेटच्या खालीच फुटला तर त्या दाबापुढे केव्हलार टिकत नाही, हेल्मेट स्वतःच फाटतं. पण त्याने काहीच फरक पडत नाही असंही नाही. वर माणूस आडवा असेल तर बाजूला जाणारे तुकडे पुष्कळ कमी होतात. ते दोघं वाचले ते त्यामुळेच.

दुसरं, कॉर्पोरल म्हणजे आपल्याकडे नायक. दहा-बारा जवानांची जबाबदारी बाविशीच्या पोरावर. बाहेरच्या लोकांना वाटतं लढाई कर्नल, जनरल लढतात. गल्लीत शिरायची वेळ येते तेव्हा पुढे नायक असतो. डावीकडे कोण जाणार, उजवीकडे कोण, गाडीचं दार कोण उघडणार, हे तो ठरवतो. आणि चांगला नायक असेल तर दार स्वतः उघडतो. या मुलाने तेच केलेलं दिसतं.

मुदत वाढवून घेण्याबद्दल: आमच्यात पेन्शनला चार महिने राहिलेली माणसं पोस्टवरून खाली यायला तयार नसत. कारण विचारलं तर 'नवीन पोरं आहेत साहेब' एवढंच. हे बाहेर कुणाला समजावून सांगता येत नाही.

---

तर्ककर्कश

लेख चांगला आहे, मुलाबद्दल मनात आदरच आहे. पण धागाकर्त्यांनी एक गोष्ट सफाईने टाळली आहे. हा मुलगा तिथे होता कशाला? ज्या संहारक शस्त्रांच्या नावाने मार्च २००३ मध्ये इराकवर चढाई केली ती सापडलीच नाहीत. सुमारे साडेचार हजार अमेरिकी सैनिक गेले. मेलेल्या इराकी नागरिकांचा आकडा नुसता नोंदलेलाच लाखाच्या वर आहे. ज्या राष्ट्राध्यक्षाने पदक दिलं त्यानेच त्याला तिथे पाठवलं होतं. व्हाइट हाउसातल्या त्या समारंभाचं वर्णन वाचताना मला तरी गलबलून येत नाही, राग येतो.

आणि गाडीतून उडी मारून आलेल्या त्या माणसाच्या घरीही कुणी वाट बघत असेलच की.

---

रणझुंझार_९६

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

ओलीसावली

रणझुंझार, काढलात ते बरं केलंत. मी वाचला होता तो.

---

जेनेसीकाठी

तर्ककर्कश, टाळलं नाही हो. युद्ध चुकीचं होतं याबद्दल माझं तुमच्याशी अजिबात भांडण नाही. इथे सायोच्या आसपास विचाराल तर लोक दोन्ही बाजूंनी बोलतात. या काउंटीत काम कमी, शेती आणि दूधधंदा कसाबसा तग धरून. शाळा सुटली की फौज हा एक सरळ रस्ता असतो. मोठ्या शहरातल्या पोरांना इतर रस्ते असतात. ही गोष्ट मी लिहायला हवी होती, तुम्ही म्हणालात म्हणून लिहितो.

पण त्याने हेल्मेट काढलं तेव्हा त्याच्यासमोर बुश नव्हते. दोन मरीन होते, त्याच्याच वयाचे.

---

तर्ककर्कश

हे वाक्य मी प्रत्येक युद्धानंतर ऐकलंय: 'तो देशासाठी नाही, शेजारच्यासाठी लढला.' खरं असेलही. पण ते पाठवणाऱ्यांच्या फार सोयीचं आहे. सैनिक शेजारच्यासाठी मरायला तयार असतो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर युद्धाचं कारण नीट द्यायची गरज त्यांना वाटत नाही.

---

निवृत्त पलटण

तर्ककर्कश, तुमचा मुद्दा कडू आहे पण चुकीचा नाही. आम्हालाही हा प्रश्न पडतो, आम्ही तो ड्यूटी संपल्यावर विचारतो एवढाच फरक.

---

माणगावकर_परदेशी

जेनेसीकाठी, लेख वाचताना मला सारखा आमच्या गावाकडचा पुतळा आठवत होता. माणगावात नायक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. मुंबई-गोवा महामार्गाने कोकणात जाणाऱ्यांना माणगाव म्हणजे ट्रॅफिकमध्ये अडकायची जागा एवढंच माहीत, पण कधी तरी गावात शिरून बघा.

हे पळसगावचे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नायक होते. १० जुलै १९४४, इटली, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशिनगन सुरू झाली. सेक्शनमधले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले, एकटे घाडगे उभे राहिले. ते सरळ मशिनगनवर धावून गेले, हातबॉम्ब टाकून ती बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने ठोकलं. मग लपून बसलेल्या शत्रूच्या गोळ्या लागून तिथेच पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो त्यांच्या पत्नीने स्वीकारला. त्यांची कबर किंवा समाधी कुठे नाही, नाव इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर कोरलंय. अलीकडे, २०२३ मध्ये, इटलीतल्या मोंतोने गावात त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं.

वय २२. हुद्दा नायक. सेक्शनचा प्रमुख. जेसनचंही तेच वय, तोच हुद्दा, तेच काम. माझ्या अंगावर काटा आला.

आता तर्ककर्कश यांना विचारतो: घाडगे कुणाच्या साम्राज्यासाठी लढले? त्या वेळी आपले पुढारी तुरुंगात होते. तरी आम्ही पुतळ्याला हार घालतोच ना?

---

तर्ककर्कश

घालतो. आणि हार घालताना हा प्रश्न विचारत नाही, ही माझी तक्रार आहे. पुतळा असावाच. खाली दोन ओळी जास्त असाव्यात एवढंच.

---

चहाटपरी

माणगावकर, महामार्गावरच्या ट्रॅफिकवरही एक स्मारक हवं, त्यात आमची तरुणाई गेली.

(माफ करा, फार गंभीर चाललं होतं. घाडग्यांबद्दल खरंच काही माहीत नव्हतं. मी महाडचा, लाज वाटली.)

---

दुपारची_झोप

अवांतर होईल, पण हातबॉम्बवर झेपावणारा जेसन एकटा नाही आणि पुढची दोन उदाहरणं महत्त्वाची आहेत.

सार्जंट राफाएल पेराल्टा. जन्म मेक्सिकोतला. ग्रीन कार्ड हातात आल्याबरोबर मरीनमध्ये गेला, नोकरीत असतानाच नागरिक झाला. १५ नोव्हेंबर २००४ ला फलुजात एका घरात शिरताना त्याला डोक्यात गोळी लागली. तो पडलेला असताना आत हातबॉम्ब आला आणि त्याने तो स्वतःच्या अंगाखाली ओढून घेतला, असं तिथल्या साथीदारांनी सांगितलं. मेडल ऑफ ऑनरसाठी शिफारस झाली. संरक्षणमंत्री गेट्स यांनी २००८ मध्ये ती नाकारली. कारण काय, तर डोक्याला एवढी जखम असताना त्याने हे जाणूनबुजून केलं असेल याची खात्री देता येत नाही! त्याऐवजी त्याच्या खालचं पदक, नेव्ही क्रॉस, दिलं. त्याच्या आईने कित्येक वर्षं ते घेतलं नाही, शेवटी २०१५ मध्ये स्वीकारलं.

दुसरा काइल कार्पेंटर. नोव्हेंबर २०१०, अफगाणिस्तानातलं मारजा, वय २१. साथीदाराला वाचवायला हातबॉम्बवर गेला आणि जगला. एक डोळा गेला, जबडा, हात, सगळं पुन्हा बांधावं लागलं. २०१४ मध्ये पदक स्वतः जाऊन घेतलं.

आता बघा, जेसनच्या बाबतीत ते हेल्मेटचे तुकडे सापडले नसते तर? एखाद्या समितीने म्हटलं असतं की मारामारीत चुकून अंगाखाली आला असेल. सैन्याचं पदक म्हणजे कोर्टातल्या दाव्यासारखं असतं, साक्षी-पुरावे, शपथपत्रं. अडीच वर्षांहून जास्त काळ गेला जेसनच्या वेळी.

---

ओलीसावली

पेराल्टाच्या आईचं बरोबर वाटतं मला. मुलाने शुद्धीत केलं की बेशुद्धीत, हे कागदावर ठरवणारे हे कोण?

---

निवृत्त पलटण

ताई, राग समजतो. पण नियम कडक नसेल तर वशिल्याची पदकं वाटली जातात, तेही पाहिलंय. दोन्हीकडून पंचाईत आहे.

---

दुपारची_झोप

ग्रीन कार्डावरून आठवलं. इराक युद्धात अगदी सुरुवातीला गेलेल्यांमधला एक मरीन, होसे गुतिएरेस, हा अमेरिकेचा नागरिकच नव्हता. ग्वाटेमालातला अनाथ पोरगा, लहानपणी रस्त्यावर राहिलेला, एकटा मेक्सिकोतून वर आला. २१ मार्च २००३ ला उम्म कसरजवळ गेला, तोही आपल्याच बाजूच्या गोळीने. नागरिकत्व मेल्यावर मिळालं. याच्यावर वेगळा धागा काढा कुणीतरी, मी माहिती देईन.

---

अंगणवेल

इथे लिहू की नको करत दोन दिवस घालवले.

आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगा अकरावीत आहे. यंदा शाळेच्या जेवणघरात मरीनच्या भरतीवाल्यांनी टेबल मांडलं होतं, शेजारी पुल-अपचा बार. जो काढेल त्याला टी-शर्ट, पाण्याची बाटली, असं काहीतरी. आमचा चिरंजीव टी-शर्ट घेऊन घरी आला. तेव्हापासून रोज सकाळी उठून पळायला जातो. जो मुलगा रविवारी बारापर्यंत लोळायचा! नवरा म्हणतो, जाऊ दे, वय आहे, उतरेल. सासूबाई भारतातून फोनवर रडतात. मला आवडतंही आणि पोटात गोळाही येतो.

तो टी-शर्ट धुताना मी उलटा करून धुते, छपाई जाऊ नये म्हणून. आणि मग माझाच मला राग येतो.

तुमचा लेख मी त्याला वाचून दाखवला, कारण त्याला मराठी कळतं पण वाचता येत नाही. मध्ये कुठेही बोलला नाही. शेवटी एवढंच विचारलं, ते दोघं नंतर कसे जगले असतील? मला उत्तर देता आलं नाही.

---

जेनेसीकाठी

अंगणवेल, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत.

दोघांच्याही अंगात बॉम्बचे तुकडे घुसले होते. उपचारांनी शरीराने बरे झाले. त्यांच्या खाजगी आयुष्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. मुलाला एवढं सांगा की त्याने फार योग्य जागी बोट ठेवलं. मी सगळं वाचलं त्यात हा प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता, मी जेसनपाशीच थांबलो होतो.

---

तर्ककर्कश

अंगणवेल, कामाची माहिती: २००१ च्या शिक्षण कायद्यापासून सरकारी शाळांना अकरावी-बारावीच्या मुलांची नावं, फोन नंबर भरतीवाल्यांनी मागितले तर द्यावे लागतात. पालकांनी लेखी कळवलं तर शाळा देत नाही. वर्षाच्या सुरुवातीला कागदांच्या ढिगात तो ऑप्ट-आउट फॉर्म असतो, बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. शाळेच्या ऑफिसात मागा. १८ पूर्ण नसतील तर पालकांच्या सहीशिवाय भरती होत नाही.

मी तुम्हाला सही करा किंवा करू नका सांगत नाही. हातात काय आहे ते सांगतो.

---

अंगणवेल

धन्यवाद. फॉर्मबद्दल खरंच माहीत नव्हतं. मात्र त्याला न विचारता भरणार नाही. चोरून केलं आणि त्याला कळलं तर अठराव्या वाढदिवशीच जाऊन सही करेल, त्याच्या बापासारखाच हट्टी आहे.

---

माणगावकर_परदेशी

जेनेसीकाठी, जेसनच्या नावाने जहाजही आहे ना? मागे तांबड्या समुद्राच्या बातम्यांत नाव वाचल्यासारखं वाटतं.

---

जेनेसीकाठी

आहे. यूएसएस जेसन डनहम, क्षेपणास्त्रं वाहणारी विनाशिका, मेन राज्यातल्या बाथच्या गोदीत बांधली. १ ऑगस्ट २००९ ला जेसनच्या आईने नामकरण केलं, १३ नोव्हेंबर २०१० ला फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलला नौदलात दाखल झाली. लांबी १५५ मीटरच्या आसपास. २०१८ मध्ये एडनच्या आखातात तिने एका छोट्या होडीवरून अडीच हजारांच्या आसपास एके-४७ रायफली पकडल्या. २०२४ च्या अखेरीस विमानवाहू ट्रुमनबरोबर तांबड्या समुद्रात गेली होती, तुम्ही वाचलंत ते तेव्हाचंच. दुपारची_झोप यांनी लिहिलेल्या पेराल्टाच्या नावानेही विनाशिका आहे, २०१७ पासून.

गंमत अशी की सायो गावातून समुद्र कित्येक तासांवर. नदीत फार तर डोंगी चालते.

---

तर्ककर्कश

म्हणजे नाव पुन्हा युद्धावरच. पोस्ट ऑफिस मला जास्त आवडलं.

---

ओलीसावली

पहिल्यांदा तर्ककर्कशांशी सहमत! पार्सल टाकायला आलेल्या माणसाला नाव दिसावं, हे बरं.

---

निवृत्त पलटण

अंगणवेल ताई, तुमच्या मुलासाठी दोन गोष्टी. आधी बारावी नीट होऊ दे, फौज कुठे पळून जात नाही. जेसनसारखा स्क्वाड चालवायचा तर नकाशा, हिशेब, रिपोर्ट लिहिणं सगळं लागतं, नुसते दंड पुरत नाहीत. दुसरं, पळताना बूट चांगले घालायला सांगा, सिमेंटवर पळून गुडघे जातात.

आणि पुल-अप किती काढतो ते कळवा. जेसनच्या काळात त्यांच्याकडे २० काढले की पूर्ण गुण मिळत.

---

अंगणवेल

काका, विचारलं. अकरा म्हणतो. मी मोजले तेव्हा नऊ होते, शेवटच्या दोन वेळा हनुवटी बारपर्यंत गेलीच नव्हती.

---

निवृत्त पलटण

मग नऊच.